ज्याने लिहिले त्याने पुसावे

(येलहंका न्यू टाउन येथे मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचे शब्दांकन)



स्मृतिव्याख्यानात थोरामोठ्यांबद्दल बोलायची रीत आहे. मी आज बोलणार आहे तो माणूस तुमच्या-माझ्यापैकी कोणी पाहिलेला नाही, पण त्याची सही मात्र आपण येता-जाता वाचतो. बंद दुकानाच्या शटरवर, ट्रान्सफॉर्मरच्या पेटीवर, उड्डाणपुलाच्या खांबावर ती असते. स्प्रेच्या डब्याने चार-पाच सेकंदांत मारलेली, वळणदार, बहुतेकांना न लागणारी. तिला टॅग म्हणतात आणि मारणाऱ्याला टॅगर. त्यात चित्र नसते, मागणी नसते, शिवीही नसते. एक नाव असते आणि तेही टोपणनाव. एकदा लिहून त्याचे समाधान होत नाही. तेच नाव शेकडो ठिकाणी दिसले पाहिजे, हाच त्याचा सगळा खटाटोप.

हा विषय येलहंक्यात काढायला कारण आहे. या गावात ‘सृष्टी’ ही कला आणि डिझाइन शिकवणारी संस्था आहे. तिच्या विद्यार्थ्यांनी ‘आर्ट इन ट्रान्झिट’ या उपक्रमात मेट्रोच्या परवानगीने कब्बन पार्क स्थानक रंगवले आणि लोकांनी कौतुक केले. याच गावात रेल्वेचा चाक कारखाना आहे, हवाई दलाचा तळ आहे; तिथल्या भिंतीजवळ रेंगाळलात तरी पहारेकरी हटकतो. या दोहोंच्या मधून बळ्ळारी रस्त्याने विमानतळाच्या मेट्रोचे खांब उभे राहिले आहेत. कोरे करकरीत काँक्रीट, मैलोन्‌मैल. टॅगरला याहून मोठे आमंत्रण कोणते? त्या खांबांवर उद्या कोणी सही केली, तर त्याला काय शिक्षा व्हावी आणि प्रत्यक्षात काय होईल, या दोन प्रश्नांत बरेच अंतर आहे. आज त्या अंतराबद्दलच बोलायचे आहे.

आपल्याकडचा सगळ्यात नामांकित टॅगर इंग्रज होता. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास फौजेतल्या २८व्या घोडदळाचा अधिकारी जॉन स्मिथ शिकारीच्या नादात अजिंठ्याच्या दरीत पोहोचला. १० क्रमांकाच्या लेण्यात शिरून त्याने एका खांबावर बोधिसत्त्वाच्या चित्रावरच आपले नाव आणि तारीख कोरली. आज ते नाव उभ्या माणसाच्या डोक्यापेक्षा बरेच वर दिसते, कारण त्या काळी लेण्यात दगडमातीचा ढीग साचला होता आणि साहेब त्या ढिगावर उभा होता. त्याला कोणी विचारले नाही. विचारणार कोण, आणि कोणत्या कायद्याखाली? नंतर डॉक्टर बर्ड नावाच्या दुसऱ्या साहेबाने तर चित्रांचे तुकडेच भिंतीवरून काढून नेले. पुरातन वास्तूंच्या रक्षणाचा पहिला मोठा कायदा १९०४ मध्ये आला. स्वातंत्र्यानंतर १९५८ चा कायदा आला, त्यात वास्तू विद्रूप करणाऱ्याला ३ महिने कैद किंवा ५,००० रुपये दंड होता. २०१० च्या दुरुस्तीने तो २ वर्षे आणि १ लाखापर्यंत गेला. आज अजिंठ्यात कोणी ‘अमुक लव्ह्ज तमुक’ खरवडले तर हे कलम लागते. आणि जॉन स्मिथचे नाव? तेही आता संरक्षित वास्तूचाच भाग झाले आहे. ते खोडायला गेलात तर गुन्हेगार तुम्ही.

मी वकिली केलेला माणूस. मला यात गंमत वाटते ती ही, की भिंतीवरच्या अक्षरांचा गुन्हा कधी जुना होऊन इतिहास होतो हे कोणतेही कलम सांगत नाही.

पण अजिंठा हा अपवाद. साध्या भिंतीचे काय? कर्नाटकात यासाठी १९८१ चा कायदा आहे, उघड्या जागांचे विद्रूपीकरण रोखणारा. ६ महिने कैद किंवा १,००० रुपये दंड किंवा दोन्ही. महाराष्ट्रात १९९५ चा मालमत्ता विरूपण प्रतिबंध कायदा आहे: ३ महिने, २,००० रुपये. दिल्लीने २००७ मध्ये तोच दंड ५०,००० वर नेला. हे कायदे कोणाला डोळ्यांपुढे ठेवून झाले ते वाचताक्षणी कळते. सिनेमाची पोस्टरे, निवडणुकीचे चुनाकाम, शिकवण्यांच्या जाहिराती. कर्नाटकाच्या कायद्याला तर भिंतीवरचे अक्षर म्हणजे जाहिरातच वाटते. एका अर्थी बरोबर आहे म्हणा, टॅगर स्वतःचीच जाहिरात करतो. फक्त त्याच्याकडे विकायला काही नसते.

दुसऱ्या टोकाला १९८४ चा केंद्राचा सार्वजनिक मालमत्ता हानी प्रतिबंधक कायदा. हा दंगल, जाळपोळ, बसफोड यांसाठी आणलेला. शिक्षा ५ वर्षांपर्यंत. वीज, पाणी, सार्वजनिक वाहतूक अशा मालमत्तेला हात लावला तर कमीत कमी ६ महिने सक्तमजुरी. जामिनाआधी सरकारी पक्षाला म्हणणे मांडायची संधी द्यावीच लागते. मेट्रोचा डबा वाहतुकीचे साधन आहे, त्यामुळे त्याच्यावर सही करणारा मुलगा कागदोपत्री बस जाळणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसतो.

म्हणजे एकीकडे १,००० रुपये आणि दुसरीकडे ५ वर्षे. टॅगर या दोन कायद्यांच्या मधल्या फटीत पडतो. त्याला कोणत्या बाजूने ओढायचे हे ठाण्यातला अंमलदार ठरवतो, आणि माझे निरीक्षण असे की तो रंगाकडे पाहून ठरवत नाही, शब्द वाचून ठरवतो.

आपल्याच बेंगळुरू शहरातली उदाहरणे घ्या. २०२२ च्या मे महिन्यात सुंकदकट्टे भागात एका शाळेच्या भिंती, पायऱ्या आणि समोरचा रस्ता लाल अक्षरांत ‘सॉरी’ने भरून गेला होता. सीसीटीव्हीत दोघे दुचाकीवरून येताना दिसले, पाठीला खाणे पोहोचवणाऱ्यांकडे असते तशी मोठी पिशवी. सगळे शहर हसले. पुण्याकडच्यांना लगेच २०१८ चा ऑगस्ट आठवला असेल, पिंपळे सौदागरमध्ये रातोरात लागलेले शेकडो ‘आय ॲम सॉरी’चे फलक. तिथेही पोलिसांनी मुलगा शोधला, विरूपणाचा कायदा काढला, आणि लोकांनी त्याच्यावर विनोद केले. प्रेमभंगाला आपल्याकडे १,०००-२,००० रुपयांच्या पलीकडची शिक्षा नाही, आणि ते योग्यच आहे.

आता २०२० चा जानेवारी. चर्च स्ट्रीटवरच्या भिंतींवर आणि शटरवर काळ्या स्प्रेने नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या आणि काश्मीरबद्दलच्या घोषणा उमटल्या. इथेही रंगच होता, भिंतीही तशाच. पण शोध मात्र कसून, आणि चर्चा देशद्रोहाची. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मंगळुरूत दहशतवादी संघटनेची धमकी देणारा मजकूर भिंतीवर आला, तेव्हा पकडलेल्यांवर थेट यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा लागला. इथे मला माझ्याच मताला आवर घालावा लागतो. कारण त्या प्रकरणातल्या आरोपींपैकी एकाचे नाव २०२२ मध्ये मंगळुरूतल्या रिक्षात झालेल्या कुकर-स्फोटात मुख्य संशयित म्हणून पुढे आले. म्हणजे भिंतीवरचा शब्द कधीकधी खरोखर पुढच्या गोष्टीची खूण असतो, आणि पोलिसांनी तो वाचूच नये असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. माझे म्हणणे एवढेच: शब्दाचा गुन्हा असेल तर शब्दाचे कलम लावा. रंगाच्या कलमाला शब्दाचे काम सांगू नका, म्हणजे रंगाचे कलम रंगासाठी उरेल.

आणि शब्द भाषेचा असेल तर? हा प्रश्न कर्नाटकातल्या मराठी माणसासमोर टाळता येत नाही. २०१४ च्या जुलैत बेळगावजवळच्या येळ्ळूरमध्ये ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेला फलक न्यायालयाच्या आदेशाने काढला गेला, गावकऱ्यांनी तो पुन्हा उभा केला, आणि पोलिसांच्या लाठ्या घराघरांत शिरल्या. २७ डिसेंबर २०२३ ला आपल्या इथून जवळच, सादहळ्ळीच्या टोलनाक्याकडून, कर्नाटक रक्षण वेदिकेचा मोर्चा निघाला आणि शहरात इंग्रजी पाट्या फोडल्या गेल्या, काळ्या केल्या गेल्या. नेत्याला अटक झाली, न्यायालयीन कोठडीही झाली. पण दुसऱ्याच दिवशी मुख्यमंत्र्यांनी पाट्यांवर ६० टक्के कन्नड सक्तीचे करण्यासाठी अध्यादेशाची घोषणा केली. गुन्हा नोंदवला आणि मागणीही मान्य झाली! मुंबईतल्या मराठी पाट्यांच्या आंदोलनात आपण याहून वेगळे वागलो असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणू नये. ज्याच्यामागे जमाव आहे त्याच्यासाठी विद्रूपीकरण ही वाटाघाटीची पहिली पायरी असते. एकट्या टॅगरपाशी जमाव नाही, त्यामुळे त्याला फक्त पायरीच मिळते, तीही कोर्टाची.

जगात या एकट्या माणसाचे काय केले जाते? लंडनमध्ये ‘टॉक्स’ नावाचा एक टॅगर होता. भुयारी रेल्वेच्या भिंतींवर वर्षानुवर्षे हेच नाव आणि त्यापुढे सालाचे आकडे. २०११ मध्ये त्याला २७ महिने कैद झाली. सरकारी वकिलांनी न्यायालयात सांगितले की हा काही नामवंत भित्तिचित्रकार बँक्सी नव्हे, याच्याकडे कसब नाही म्हणून तो नुसती संख्या वाढवतो. कायद्याच्या दृष्टीने हा फार विचित्र युक्तिवाद आहे. चित्र चांगले असते तर भिंत कमी खराब झाली असती का? पुढे बँक्सीनेच कॅम्डेनमध्ये टॉक्सच्या नावाचे बुडबुडे उडवणारा मुलगा रंगवून त्या वकिलांची जिरवली. सिंगापूरने १९९४ मध्ये १८ वर्षांच्या एका अमेरिकन मुलाला गाड्यांवर रंग उडवल्याबद्दल ४ महिने कैद, दंड आणि वेताचे फटके दिले. अमेरिकेच्या अध्यक्षांनी रदबदली केल्यावर ६ फटक्यांचे ४ झाले. आपल्याकडे चहाच्या टपरीवर सिंगापूरचे हे उदाहरण फार आवडीने सांगतात. सांगणारे बहुधा पान खाऊन जिन्याचा कोपरा रंगवलेले असतात.

मला मात्र न्यूयॉर्कचे उदाहरण जास्त महत्त्वाचे वाटते, कारण तिथे फटके न मारता प्रश्न सुटला. १९७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ‘टाकी १८३’ या टॅगमागच्या मुलाची बातमी छापली. निरोप पोहोचवायचे काम करत तो शहरभर फिरायचा आणि जिथे जाई तिथे नाव आणि आपल्या गल्लीचा क्रमांक लिहायचा. बातमी छापून आली आणि हजारो पोरांना हुरूप आला. पुढची १२-१३ वर्षे भुयारी रेल्वेचा एक डबा कोरा राहिला नाही. कायदे झाले, कुत्री सोडली, काटेरी कुंपणे घातली. उपयोग शून्य. १९८४ मध्ये प्रमुख डेव्हिड गन यांच्या काळात रेल्वेने वेगळा नियम केला: धुतलेल्या गाडीवर पुन्हा रंग दिसला की पुसल्याशिवाय ती रुळावर जाणार नाही. प्रवासी खोळंबले तरी चालतील. आपले नाव शहरभर फिरताना पाहण्यासाठी रात्र जागवणाऱ्या मुलाला ते नाव यार्डाबाहेर जाताना दिसेनासे झाले. १२ मे १९८९ ला शेवटची रंगलेली गाडी सेवेतून काढली. टॅगरचे भांडवल म्हणजे दिसणे. ते काढून घेतले की तुरुंगाची धमकी लागत नाही.

म्हणूनच परदेशातले रेल्वे-रंगवे आता आपल्याकडे येतात, असे मला वाटते. इथे पुसायला वेळ लागतो आणि नव्या मेट्रोवर पहिला हात मारल्याची प्रौढी मिळते. कोचीच्या मुट्टम यार्डात मे २०२२ मध्ये डब्यावर जे लिहिले गेले त्यात ‘फर्स्ट हिट’ असे शब्दच होते. सप्टेंबरअखेर अहमदाबाद मेट्रोच्या उद्घाटनाच्या तोंडावर डबे रंगवले म्हणून चार इटालियन तरुण पकडले गेले. त्यांना पकडणाऱ्या पोलिसांपेक्षा पुसलेला डबा पाहून जास्त वाईट वाटले असते.

आता आपल्या नव्या कायद्याकडे येतो, कारण खरी अडचण तिथे आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ३२४व्या कलमात नुकसानीच्या आगळिकीची रकमेप्रमाणे प्रतवारी केली आहे. साधी आगळीक ६ महिने. सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या मालमत्तेसह कोणत्याही मालमत्तेचे नुकसान झाले तर १ वर्ष. २०,००० ते १ लाखापर्यंत २ वर्षे. १ लाखाच्या वर ५ वर्षे. जुन्या ४२७व्या कलमात ५० रुपयांची रेघ होती, तिच्यापेक्षा हे बरे. पण रंगाने किती नुकसान झाले हे मोजायचे कसे? तेलरंगाच्या शटरवरचा टॅग थिनरच्या चिंधीने निघतो. उघड्या काँक्रीटच्या छिद्रांत शिरलेला रंग पूर्ण निघतच नाही, पुसट सावली राहते. जुन्या दगडावर ॲसिड किंवा वाळूचा फवारा मारला तर रंगाबरोबर दगडाची कातडीही जाते. तोच टॅग, तेच पाच सेकंद, आणि भिंत कोणती होती यावर ६ महिने की २ वर्षे हे ठरणार. ठेकेदाराने अंदाजपत्रक फुगवले तर आणखी.

याच संहितेने पहिल्यांदा ‘समाजसेवा’ ही शिक्षा म्हणून मान्य केली. ऐकून मला आनंद झाला होता. मग कलमे वाचली. ही शिक्षा फक्त ६ गुन्ह्यांना आहे. सरकारी नोकराने चोरून धंदा करणे, फरारीच्या उद्घोषणेनंतर हजर न होणे, अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न, ५,००० रुपयांच्या आतली पहिली चोरी, दारू पिऊन सार्वजनिक जागी गोंधळ, आणि अब्रुनुकसानी. भिंत रंगवणे त्यात नाही. जगात समाजसेवेची शिक्षा जिथे जिथे आहे तिथे तिथे तिचे पहिले गिऱ्हाईक टॅगर असतो, आणि आपण नेमका त्यालाच वगळला आहे.

त्यातून काय होते बघा. सतरा वर्षांच्या मुलाने मेट्रोचा खांब रंगवला तर २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार मंडळ त्याला देखरेखीखाली सेवा करायला, म्हणजे तोच खांब घासायला, सांगू शकते. त्याच्याबरोबर डबा धरून उभ्या असलेल्या एकोणीस वर्षांच्या भावाला मात्र दंड किंवा कैद, मधले काही नाही. न्यायाधीश शहाणे असतील तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा आधार घेऊन चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडतील, भरपाई द्यायला लावतील. पण तिथपर्यंत पोहोचायला वर्षे जातात. तोवर पोराच्या नावावर गुन्हा नोंद असतो. पासपोर्टच्या चौकशीत तो निघतो, आयटी कंपनीच्या पार्श्वभूमी तपासणीत निघतो. या शहरात तीच खरी शिक्षा आहे आणि ती कोणत्याही कलमात लिहिलेली नाही. खासगी घराची भिंत असेल तर मालकाशी तडजोड करून प्रकरण मिटवता येते. पोराने भिंत रंगवून द्यावी, मालकाने तक्रार सोडावी. सरकारी भिंत मात्र कधीच तडजोड करत नाही.

कायद्यात नसले तरी न्यायालयाने मनावर घेतले तर काय होते ते दिल्लीत दिसले. २०२४ च्या सप्टेंबरात दिल्ली विद्यापीठाच्या विद्यार्थी निवडणुकीत उमेदवारांनी भिंती, मेट्रो स्थानके, बसथांबे, काही सोडले नाही. उच्च न्यायालयाने मतदान होऊ दिले आणि मोजणी रोखली. रंगवलेले पुसा, भिंती पूर्ववत करा, मग निकाल. दोन महिने मतपेट्या तशाच राहिल्या. निकाल २५ नोव्हेंबरला लागला, तोही उमेदवारांनी स्वतः ब्रश हातात घेतल्यावर. कोणी तुरुंगात गेले नाही. नेत्याच्या भिंतीवरचे अक्षर नेत्यानेच पुसल्याचे दृश्य मला तरी त्याआधी पाहायला मिळाले नव्हते.

आपल्याकडेही उच्च न्यायालयांनी फ्लेक्सवर कमी आदेश दिलेले नाहीत. मुंबईत २०१७ मध्ये साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या प्रकरणात न्यायमूर्ती अभय ओक यांनी पालिकांना खडसावले, आणि तेच पुढे २०१९ मध्ये कर्नाटकाचे मुख्य न्यायमूर्ती होऊन इथे आले. त्यांच्याआधी २०१८ मध्ये इथल्या न्यायालयाने एका फटक्यात शहरभरचे फ्लेक्स उतरवायला लावले होते. पण वाढदिवसाचे फ्लेक्स आजही आहेत. (या सभागृहाच्या दारात आजच्या व्याख्यानाचाही एक आहे. परवानगी घेतली का, हे मी संयोजकांना मुद्दाम विचारलेले नाही.) पोरगा टोपणनाव लिहितो, पुढारी पूर्ण नाव, फोटो आणि पद लिहितो. लपतो तो पोरगा.

आणि या शहराची एक गंमत बाकी आहे. २०१० पासून ‘द अग्ली इंडियन’ नावाची एक अनामिक मंडळी इथे काम करते. चेहरा नाही, नाव नाही, घोषवाक्य ‘काम चालू, मुँह बंद’. सुरुवात त्याच चर्च स्ट्रीटवरून. कचऱ्याचे कोपरे साफ करायचे, भिंतीचा खालचा पट्टा गेरूच्या रंगात रंगवायचा, पुलाच्या खांबांवर त्रिकोण-चौकोन काढायचे. टोपणनावाने सार्वजनिक भिंती रंगवणारी माणसे, आणि त्यांच्यावर गुन्हा दाखल व्हावा असे कोणाच्या मनातही येत नाही. ते टॅगरचे नेमके उलटे आहेत: भिंतीवर स्वतःचे नाव तेवढे लिहीत नाहीत.

माझी सूचना मोठी नाही. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे. राज्याला राष्ट्रपतींच्या संमतीने त्यात दुरुस्ती करता येते. कर्नाटकाने आणि महाराष्ट्राने ३२४व्या कलमातल्या पहिल्या दोन पायऱ्यांना समाजसेवेची शिक्षा जोडावी, आणि विरूपणाच्या दोन्ही राज्यांतल्या कायद्यांत एक वाक्य घालावे: पहिल्या गुन्ह्यात आरोपीने ठरलेल्या मुदतीत स्वखर्चाने मालमत्ता पूर्ववत केली तर खटला बंद. त्यात टॅगर, शिकवणीवाला, उमेदवार आणि वाढदिवसाचा नगरसेवक असा भेद करू नये. पूर्ववत केल्याचे प्रमाणपत्र पालिकेच्या अभियंत्याने सात दिवसांत द्यावे, कारण तिथेच सगळे अडते हे मला अनुभवाने माहीत आहे. आणि पालिकेनेही स्वतःवर एक बंधन घालून घ्यावे. भिंतीवरचा टॅग तक्रार आल्यापासून दोन दिवसांत पुसला गेला पाहिजे, मग लिहिणारा सापडो वा न सापडो. विमानतळाच्या मेट्रोला तर हे बंधन पहिल्या दिवसापासून घालता येईल. खांब अजून कोरे आहेत.

अध्यक्षांनी मला घड्याळ दाखवले आहे. प्रश्न घेऊ या.